कारणासकट नोंदवलेली गरज : बिझनेस सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट कशा ठरवाव्यात आणि कशा सांभाळाव्यात

४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत वाट सोडून आकाशातच फुटलं. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेतला सॉफ्टवेअरचा एक तुकडा त्याला कारण ठरला. तो आधीच्या एरियान ४ साठी लिहिलेला होता. उलटमोजणी अगदी शेवटच्या सेकंदांत थांबवावी लागली, तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी, यासाठी एक गणित उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू ठेवायचं, अशी एरियान ४ ची गरज होती. एरियान ५ ची तयारी वेगळ्या क्रमाने होत असे, त्यामुळे तिथे या गणिताचा काही उपयोग नव्हता. तरीही ते चालू राहिलं. नवं रॉकेट आडव्या दिशेने जुन्यापेक्षा फार वेगाने जात होतं. ६४ बिटांतला आकडा १६ बिटांत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी अहवालात आणखी एक गोष्ट आली : या यंत्रणेच्या रिक्वायरमेंटमध्ये एरियान ५ च्या उड्डाणमार्गाची माहिती घातलेलीच नव्हती.

आपण खरेदी, विक्री, साठा, पगार, बिलं यांची सॉफ्टवेअर करतो. तिथे आकाशात काही फुटत नाही, पण रोग हाच असतो. एके काळी कोणीतरी एक गरज सांगितली, ती लिहिली गेली, पुढे तिचं कारण संपलं आणि गरज मात्र राहिली. किंवा कारण नवं आलं, पण ते कोणी नोंदवलं नाही. या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांमागे माझा एकच आग्रह आहे : गरज कधीही तिच्या कारणाशिवाय लिहू नका. कारण लिहिलेलं असेल तर गरज तपासता येते, बदलता येते, प्रसंगी काढूनही टाकता येते. नसेल तर ती फक्त पाळता येते.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो : एका कंपनीची खरेदी मंजुरीची सिस्टीम. एखादा विभाग खरेदीसाठी अर्ज भरतो, म्हणजे इंडेंट टाकतो. वरिष्ठ तो मंजूर करतात, खरेदी विभाग पुरवठादाराला ऑर्डर देतो, स्टोअरमध्ये माल येतो आणि अकाउंट्स बिल चुकतं करतं.

मागणी, गरज आणि रिक्वायरमेंट

मराठीत या तीन शब्दांनी एक चांगली सोय होते, ती वापरा. माणूस तोंडाने जे मागतो ती मागणी. त्या मागणीमागे अडलेलं काम ही गरज. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेलं, लिहिलेलं, तपासता येईल असं वाक्य म्हणजे रिक्वायरमेंट. मागणी थेट रिक्वायरमेंटच्या रकान्यात उतरवली, की पुढचे सगळे घोळ सुरू होतात.

एका प्रोजेक्टमध्ये स्टोअर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली : प्रत्येक ऑर्डरच्या पडद्यावर प्रिंटचं बटण. मी ते लिहून घेतलं. दोन दिवसांनी त्यांच्या शेजारी बसून काम बघितलं, तेव्हा कळलं की ते प्रत्येक ऑर्डर छापतात, पुरवठादार फोनवर जी तारीख कबूल करतो ती कडेला पेन्सिलीने लिहितात आणि कागद तारखेच्या क्रमाने भिंतीवरच्या बोर्डाला टोचून ठेवतात. रोज सकाळी बोर्डाकडे बघून आज कोणाला फोन करायचा हे ठरवतात. सिस्टीममध्ये कबूल केलेली तारीख लिहायला जागाच नव्हती. मागणी छपाईची होती. गरज मालाच्या वाटेवर नजर ठेवण्याची होती. आम्ही बटणाऐवजी तारखेचा रकाना आणि त्या क्रमाने लागलेली यादी दिली. नुसतं बटण दिलं असतं तर त्यांनी आभारच मानले असते, आणि बोर्ड तसाच राहिला असता.

पहिली पायरी : एक पान लिहा

काम सुरू करण्याआधी एका पानावर चार गोष्टी लिहून घ्या : आज काय दुखतंय, ते किती दुखतंय, सिस्टीम आल्यावर नेमकं काय बदललेलं दिसलं पाहिजे, आणि काय या प्रोजेक्टमध्ये येणार नाही.

‘खरेदीची प्रक्रिया सुधारणे’ हा उद्देश नव्हे. ‘इंडेंट टाकल्यापासून ऑर्डर निघेपर्यंत आज सरासरी ११ दिवस लागतात, ते ४ वर आणायचे’ हा उद्देश. आजचा आकडा ठाऊक नसेल तर आधी मोजा. मागच्या महिन्यातले ५० इंडेंट काढून तारखा लिहिल्या तरी पुरे. हा आकडा पुढे दोनदा कामाला येतो : प्राधान्य ठरवताना आणि शेवटी काम साधलं का हे बघताना.

चौथी गोष्ट लोक टाळतात, कारण ‘हे करणार नाही’ असं लिहिताना वाईटपणा येतो. पण स्कोपमधले, म्हणजे कामाच्या हद्दीवरचे, निम्मे वाद याच ओळीच्या अभावी होतात. ‘पुरवठादारांची निविदा प्रक्रिया यात नाही. बिलांचं पेमेंट यात नाही. ते सध्याच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्येच राहील.’ हे स्पष्ट लिहा आणि ज्यांच्या सहीने पैसे मंजूर होतात त्यांच्याकडून पहिल्याच आठवड्यात मान्य करून घ्या.

दुसरी पायरी : माणसं शोधा

स्टेकहोल्डरची, म्हणजे या कामाशी ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांची, यादी करताना संघटनेचा तक्ता समोर घेतला, तर वरची नावं मिळतात आणि खरं काम करणारी सुटतात. त्यापेक्षा एक इंडेंट हातात घ्या आणि तो कोणाकोणाच्या टेबलावरून जातो ते बघत चला. प्रत्येक टेबलाशी विचारा : हे कोण भरतं, कोण तपासतं, कोण अडवू शकतं, चुकलं तर फोन कोणाला येतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असलेली व्यक्ती जवळजवळ कधीच मीटिंगला बोलावलेली नसते.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्याची संगणकीय व्यवस्था पूर्णपणे सुरू केली आणि ती लगेच कोलमडू लागली. काही दिवसांत सगळं पुन्हा कागदावर आणावं लागलं. गाडी कुठे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, याची माहिती जवळजवळ निर्दोष मिळेल, हे त्या व्यवस्थेने गृहीत धरलं होतं. प्रत्यक्ष गाडीवर काम करणाऱ्यांचा ती ठरवण्यात फारसा सहभाग नव्हता. गडबडीत बटण दाबायचं राहून जातं, सिग्नल मिळत नाही, ठरलेली गाडी सोडून दुसरीच घेतली जाते, हे ज्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होतं त्यांचं ज्ञान कागदावर पोचलंच नाही.

यादी झाली की प्रत्येक विषयावर अंतिम निर्णय कोणाचा, ते एका नावाने लिहा. विभागाचं नाव नको, माणसाचं नाव हवं. मंजुरीच्या नियमांवर वित्त प्रमुख, माल स्वीकारण्यावर स्टोअर प्रमुख, असं. दोन नावं लिहिली तर निर्णय कोणाचाच राहत नाही.

तिसरी पायरी : आधी बघा, मग विचारा

ही पायरी लेखात सगळ्यांत मोठी आहे, कारण कामातही ती सगळ्यांत मोठी असायला हवी.

माणसाला ‘तुमचं काम कसं चालतं?’ असं विचारलं, की तो नियमाप्रमाणे कसं चालायला हवं ते सांगतो. त्यात खोटेपणा नसतो. रोजच्या आडवाटा इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. म्हणून अर्धा दिवस शेजारी बसा. लॅपटॉप उघडू नका, वही पुरे. स्क्रीनवर चिकटवलेले कागद, खासगी एक्सेल शीट, एका सिस्टीममधून बघून दुसरीत टाइप केलेले आकडे, उठून जाऊन कोणाला तरी विचारलेले प्रश्न : यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे आजच्या व्यवस्थेत न बसलेली एक गरज आहे. एक्सेल शीट दिसली तर तिचे रकाने उतरवून घ्या. अनेकदा नव्या सिस्टीमचा खरा डेटाबेस तिथेच आखलेला असतो.

बघून झालं की प्रश्न. ‘सहसा काय होतं?’ हा प्रश्न टाळा. ‘मागच्या वेळी काय झालं?’ असं विचारा. ‘सहसा’ला सरळ उत्तर मिळतं, ‘मागच्या वेळी’ला खरं. शेवटचा अडकलेला इंडेंट दाखवा म्हणा. तो का अडकला, किती दिवस, कोणी सोडवला? मग नेहमीच्या वाटेवरून एकेक गोष्ट मोडून बघा. मंजूर करणारे रजेवर असतील तर? इंडेंट टाकणारा आणि मंजूर करणारा एकच असेल तर? मंजुरीनंतर रक्कम वाढली तर? ऑर्डर १०० नगांची आणि माल ९६ नगांचा आला तर? कोणी मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच खरेदीचे तीन इंडेंट केले तर? या शेवटच्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरते. उत्तर मात्र मिळवाच, कारण ते सिस्टीमचा आकार बदलू शकतं.

एखादी मागणी ठामपणे पुढे आली की ‘का?’ विचारा, आणि उत्तरालाही ‘का?’ विचारा. टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली पाच वेळा ‘का’ विचारण्याची रीत प्रसिद्ध आहे. माणसाला मात्र सलग पाचदा ‘का’ विचारलं तर ती उलटतपासणी होते. त्याऐवजी असं म्हणून बघा : ‘हे मिळाल्यावर तुम्ही पुढे काय कराल?’ रिपोर्ट मागणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारा. ‘तो छापून फाइलला लावीन’ असं उत्तर आलं, तर फाइल कोण वाचतं ते विचारा.

दोघांच्या सांगण्यात विरोध दिसला तर तिथल्या तिथे मिटवू नका. दोन्ही बाजू नावानिशी लिहा आणि ज्याच्याकडे निर्णय आहे त्याच्यापुढे दोघांना एकत्र बसवा. ॲनालिस्टने, म्हणजे गरजा गोळा करून लिहिणाऱ्याने, मधला मार्ग स्वतःच काढला, तर महिन्याभराने दोघेही म्हणतात, ‘हे आम्ही सांगितलंच नव्हतं.’

चौथी पायरी : शब्दांचे अर्थ ठरवा

‘पूर्ण झालेल्या ऑर्डर’ हा साधा शब्दप्रयोग घ्या. खरेदी विभागासाठी ऑर्डर पुरवठादाराकडे गेली की ती पूर्ण. स्टोअरसाठी शेवटचा नग आला की पूर्ण. अकाउंट्ससाठी बिल चुकतं झालं की पूर्ण. तिघेही मीटिंगमध्ये ‘पूर्ण ऑर्डरचा रिपोर्ट हवा’ असं म्हणतात, तिघेही मान डोलावतात, आणि रिपोर्ट आल्यावर तिघांचे आकडे जुळत नाहीत.

म्हणून दोन पानांची शब्दसूची करा. प्रत्येक शब्दाला एक अर्थ, प्रत्येक अर्थाला एक शब्द. इथे ‘पाठवलेली’, ‘माल मिळालेली’ आणि ‘हिशेब बंद’ अशा तीन वेगळ्या स्थिती होतील. ‘नामंजूर’ आणि ‘दुरुस्तीसाठी परत’ हेही वेगळे ठेवा : पहिल्यात इंडेंट संपतो, दुसऱ्यात तो जिवंत राहतो. स्थितीची नावं ठरली की एका स्थितीतून कोणत्या स्थितीत जाता येतं आणि कोण नेऊ शकतं, याची एक आकृती काढा. वीस मिनिटांचं काम आहे, आणि डेव्हलपर सगळ्यांत जास्त वेळा उघडतो तो कागद हाच असतो.

पाचवी पायरी : नोंद लिहा

एक नोंद अशी दिसली पाहिजे :

क्रमांक : खरेदी-१७
गरज : मंजूर इंडेंटची रक्कम कोणी वाढवली, तर सिस्टीमने तो इंडेंट पुन्हा मंजुरीसाठी पाठवला पाहिजे.
कारण : मंजुरी एका ठरावीक रकमेला दिलेली असते. नंतर वाढलेली रक्कम कोणी बघितलेलीच नसते.
कोणी सांगितलं, कोणी ठरवलं : खरेदी विभाग, वित्त प्रमुख.
कसं तपासायचं : मंजूर इंडेंटमध्ये नगांची संख्या वाढवून जतन करावी. स्थिती ‘मंजुरीसाठी’ झाली पाहिजे आणि ऑर्डर काढण्याचं बटण बंद झालं पाहिजे.
प्राधान्य : अत्यावश्यक.

क्रमांक एकदा दिला की तो कायमचा. गरज रद्द झाली तर तिच्यापुढे ‘रद्द’ आणि कारण लिहा, क्रमांक दुसऱ्या नोंदीला देऊ नका. जुन्या मेल आणि टेस्टमधले उल्लेख त्यामुळे शाबूत राहतात.

वाक्याच्या रचनेबद्दल थोडं. रोल्स-रॉइसमधल्या ॲलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रिक्वायरमेंट लिहिण्यासाठी वाक्यांचे मोजके साचे मांडले. मराठीला ते सहज जमतात, कारण आपल्याकडे या जोड्या तयारच आहेत. घटनेसाठी ‘जेव्हा… तेव्हा’ : जेव्हा इंडेंट नामंजूर होतो, तेव्हा सिस्टीमने इंडेंट टाकणाऱ्याला कारणासह मेल पाठवला पाहिजे. स्थितीसाठी ‘जोपर्यंत… तोपर्यंत’ : जोपर्यंत इंडेंट मंजुरीसाठी आहे, तोपर्यंत सिस्टीमने रक्कम बदलू देता कामा नये. आणि नको ते घडल्यास ‘जर… तर’ : जर मेल गेला नाही, तर सिस्टीमने तो अपयशी मेलच्या यादीत दाखवला पाहिजे. हा तिसरा साचा लिहायचा सगळ्यांत जास्त वेळा राहतो.

कर्मणी प्रयोगापासून सावध राहा. ‘संबंधितांना कळवलं जाईल’ हे वाक्य कानाला बरं लागतं, पण त्यात कर्ता नाही. कोण कळवेल? सिस्टीम की खरेदी विभाग? संबंधित म्हणजे कोण? ‘शक्यतो’, ‘योग्य ती’, ‘लगेच’, ‘सोयीस्कर’, ‘वगैरे’ हे शब्द दिसले की थांबा आणि त्यांच्या जागी आकडा, नाव किंवा यादी घाला. बंधनाचे शब्दही पक्के करा. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये ‘केलंच पाहिजे’, ‘करावं’ आणि ‘केलं तरी चालेल’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची व्याख्या एका छोट्या दस्तऐवजात करून टाकली. आपणही पहिल्या पानावर लिहावं : ‘पाहिजे’ म्हणजे बंधनकारक, ‘करावं’ म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय टाळू नये. मग प्रत्येक वाक्यात ते पाळावं.

आणि एका नोंदीत एकच गरज. वाक्यात ‘आणि’ आला की बघा, दोन वेगळ्या टेस्ट लागतात का? लागत असतील तर दोन नोंदी.

तुमची टीम यूजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने एका वाक्यात लिहिलेली गरज, वापरत असेल तर यातलं काही वाया जात नाही. ‘कोण, काय, कशासाठी’ या साच्यातला ‘कशासाठी’ म्हणजे कारणच आहे, आणि नेमका तोच भाग घाईत गाळला जातो. स्टोरी ही संभाषणाची आठवण आहे. संभाषणात जे ठरलं ते स्वीकृतीच्या निकषांत, म्हणजे काम पूर्ण झालं हे ठरवणाऱ्या अटींत, आलं नाही, तर स्टोरीच्या कार्डावर उरतं ते शीर्षक.

सहावी पायरी : नियम तक्त्यात मांडा

व्यवसायाचे नियम वाक्यांत लिहिले की त्यातली भोकं दिसत नाहीत. मंजुरीसाठी तीन प्रश्न महत्त्वाचे असतील : रक्कम मर्यादेत आहे का, बजेट शिल्लक आहे का, पुरवठादार आधीचा आहे का? प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे एकूण ८ जोडण्या. आठ ओळींचा तक्ता करा आणि प्रत्येकीपुढे ‘कोण मंजूर करणार’ हे विचारा. चार-पाच ओळी पटापट भरतात. मग ‘रक्कम मर्यादेत, बजेट संपलेलं, पुरवठादार नवा’ ही ओळ येते आणि लोक एकमेकांकडे बघू लागतात. तो प्रश्न आज मीटिंगमध्ये सुटला नाही, तर कोड लिहिताना डेव्हलपर त्याच्या अंदाजाने सोडवेल आणि ते कोणाला कळणारही नाही.

मर्यादेचे आकडे, मंजुरीचे दिवस यांसारख्या बदलत्या गोष्टी नियमात कोरू नका. ‘ठरलेली मर्यादा’ असं लिहा आणि ती मर्यादा कोण बदलू शकतो, बदल कधीपासून लागू होतो, याची वेगळी नोंद करा.

सातवी पायरी : ‘फास्ट’ म्हणजे किती?

‘सिस्टीम फास्ट, सुरक्षित आणि सतत चालू हवी’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक दस्तऐवजात असतं आणि त्यावरून एकही टेस्ट लिहिता येत नाही. आकडे मागा. ‘एकाच वेळी २०० जण काम करत असताना इंडेंटची यादी १०० पैकी ९५ वेळा २ सेकंदांच्या आत दिसली पाहिजे.’ नुसती सरासरी लिहू नका. सरासरी चांगली असूनही काही माणसं रोज ताटकळतात.

‘सतत चालू’बद्दल बोलताना हा हिशेब समोर ठेवा. ९९.५ टक्के म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास बंद चालेल. ९९.९ टक्के म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम ५३ मिनिटं. प्रत्येक पुढच्या ९ चा खर्च वाढत जातो. हे तास समजले की क्लायंट स्वतःच म्हणतो, ‘रात्री बंद असली तर चालेल, महिनाअखेरच्या दोन दिवसांत मात्र अजिबात नको.’ ही खरी रिक्वायरमेंट. तीच ‘९९.९’ या आकड्यात लपून राहिली असती.

काही सुटू नये म्हणून आयएसओ २५०१० या मानकातली गुणवत्तेची यादी हाताशी ठेवा. सगळे मुद्दे भरायचा अट्टहास नको; लागू नसलेल्यापुढे ‘लागू नाही’ आणि एका ओळीत कारण लिहिलं की झालं.

जुना डेटा याच टप्प्यावर बघा. पुरवठादारांची यादी उघडली की एकच पुरवठादार तीन स्पेलिंगांनी सापडतो. ती कोण साफ करणार आणि कधीपर्यंत, हे नोंदवा. सॉफ्टवेअर टीम हे काम करू शकत नाही, कारण कोणता पुरवठादार खरा हे तिला ठाऊक नसतं.

आठवी पायरी : आधी काय, नंतर काय

सगळंच महत्त्वाचं असतं, असं प्रत्येक विभागप्रमुख म्हणेल. १९९४ मध्ये डाय क्लेग यांनी मांडलेली चार गटांची पद्धत अजून उपयोगी आहे : असलंच पाहिजे, असायला हवं, असलं तर बरं, आणि या वेळी नाही. पहिल्या गटासाठी एक कसोटी लावा : ‘हे नसेल तर आपण सिस्टीम सुरूच करणार नाही का?’ ‘काही दिवस हाताने करू’ असं उत्तर आलं तर ती नोंद दुसऱ्या गटात. ही पद्धत प्रोजेक्ट चालवण्याच्या ज्या डीएसडीएम नावाच्या चौकटीत वाढली, तिथे पहिल्या गटाचं काम एकूण कष्टांच्या ६० टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा संकेत आहे. उरलेली जागा हीच तारीख सांभाळण्याची सोय असते. तुमच्या यादीत ९० टक्के नोंदी पहिल्या गटात असतील, तर प्राधान्य ठरलेलंच नाही.

इथे पहिलं पान पुन्हा काढा. ११ दिवसांचे ४ करायला कोणत्या नोंदी लागतात? ज्या नोंदीचं कारण त्या पानापर्यंत पोचत नाही, ती कितीही वरिष्ठ व्यक्तीकडून आलेली असो, तिच्यावर चर्चा झाली पाहिजे.

नववी पायरी : बांधण्याआधी तपासून घ्या

दस्तऐवज मेलने पाठवून ‘कृपया वाचून सही करावी’ असं म्हणू नका. कोणी वाचत नाही, सही मात्र होते. अमेरिकेच्या एफबीआयने व्हर्च्युअल केस फाइल नावाची प्रणाली २००५ मध्ये सोडून दिली, तेव्हा सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. तिचा रिक्वायरमेंटचा दस्तऐवज ८०० हून अधिक पानांचा होता, आणि गरजा तरीही बदलतच राहिल्या. पानांच्या संख्येने समज वाढत नाही.

त्यापेक्षा लोकांना एकत्र बसवा आणि एक खरा, जुना, अडकलेला इंडेंट कागदावर नव्या नियमांनी चालवून बघा. प्रत्येक टप्प्याला त्या कामाचा माणूस बोलेल : ‘आता मी काय बघतोय? मला काय ठरवायचंय? त्यासाठी लागणारी माहिती समोर आहे का?’ पडदे कागदावर हाताने काढलेले असले तरी चालतं. उलट बरंच, कारण हाताने काढलेल्या चित्रावर लोक न संकोचता फुली मारतात. या बैठकीला टेस्टरला नक्की बोलवा. ‘हे मी तपासू कसं?’ हा त्याचा प्रश्न मोघम वाक्याला उघडं पाडतो.

दहावी पायरी : बदल सांभाळा

तपासून झालेल्या नोंदींना तारीख घाला आणि त्या दिवसाची प्रत गोठवा. ही बेसलाइन. ती बदलायला बंदी नाही, पण न सांगता बदलायला आहे.

बदल आला की चार गोष्टी लिहा : काय बदलायचं, का, कशाकशाला धक्का लागतो, आणि न केल्यास काय होईल. तिसरी गोष्ट वेळ खाते. समजा, ‘मोठ्या रकमेला दोघांची मंजुरी हवी’ असा बदल आला. पडदा बदलेल, नियमांचा तक्ता बदलेल, मेल बदलतील, ‘मंजुरीला किती दिवस लागले’ हा रिपोर्ट बदलेल. इथपर्यंत सगळ्यांना सुचतं. जे सुचत नाही ते हे : बदल लागू होईल त्या दिवशी अर्ध्या वाटेवर असलेल्या इंडेंटचं काय? एका मंजुरीवर पुढे जायचे की दुसरीसाठी परत यायचे? प्रत्येक बदलाला हा प्रश्न ठरवून विचारा.

परिणाम शोधायला नोंदींच्या तक्त्यात तीन रकाने पुरतात : कोणत्या उद्देशासाठी, कोणत्या टेस्टने तपासली, कोणत्या रिलीजमध्ये (सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत) गेली. महिन्यातून एकदा तो तक्ता दोन्हीकडून वाचा. टेस्ट नसलेली गरज सापडते, आणि कोणत्याही गरजेला न जोडलेलं, कोणीतरी हौसेने बांधलेलं फीचरही सापडतं. यासाठी महागडं टूल लागत नाही. काहीशे नोंदींपर्यंत स्प्रेडशीट चालते, मात्र ती एकच हवी आणि सगळ्यांना दिसणारी हवी. प्रत्येकाच्या मेलमध्ये वेगळी प्रत फिरू लागली की टूल बदलायची वेळ आली समजा.

निर्णयासाठी आठवड्यातून एक छोटी बैठक ठेवा आणि तिथे दुसऱ्या पायरीत लिहिलेलं एक नाव हजर असू द्या. फोनवर किंवा जेवणाच्या टेबलावर ठरलेल्या गोष्टींसाठी माझा नियम कडक आहे : त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत ‘आज ठरलं ते असं’ अशी तीन ओळींची मेल. उद्यावर टाकलेली आठवण दोन्ही बाजूंना वेगवेगळी राहते. त्यावरून झालेलं भांडण मी एकदा पूर्ण तीन आठवडे भोगलं आहे, आणि दोन्ही माणसं प्रामाणिक होती.

यूएटी आणि त्यानंतर

यूएटी (यूजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग) म्हणजे सिस्टीम स्वीकारण्याआधी वापरणाऱ्यांनीच केलेली तपासणी. तिथे लोकांना ‘वापरून बघा’ म्हणून सोडू नका. प्रत्येक नोंदीतला ‘कसं तपासायचं’ हा रकाना म्हणजे त्यांची स्क्रिप्ट : आधीची स्थिती, केलेली कृती, अपेक्षित परिणाम. जे सापडेल त्याचे तीन ढीग करा. लिहिल्याप्रमाणे चालत नाही, तो दोष. लिहिलेलंच चुकीचं होतं, ती रिक्वायरमेंटमधली चूक. ती कोणत्या पायरीला सुटली ते शोधा. नवं काही सुचलं, तो बदल. तो दहाव्या पायरीच्या रांगेत. हे ढीग वेगळे ठेवले नाहीत, तर सगळं ‘बग’ या एकाच नावाखाली जातं आणि टीम व क्लायंट एकमेकांवर रागावतात.

सिस्टीम सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी पहिल्या पानावरचा आकडा पुन्हा मोजा. नवे ५० इंडेंट, त्याच तारखा, तीच पद्धत. मग सगळ्या नोंदींचा फक्त ‘कारण’ हा रकाना वाचत जा. कायदा बदलला असेल, विभाग विलीन झाला असेल, जुनी सिस्टीम बंद झाली असेल. ज्या नोंदीचं कारण आता उरलेलं नाही, तिच्यापुढे तारीख घालून निर्णय घेणाऱ्याला विचारा : ठेवायची की काढायची? काढायची ठरली तर तिचा कोड, तिची टेस्ट आणि तिचा रिपोर्टही त्याच रिलीजमध्ये काढा.

आणि एक फेरी स्टोअरमध्ये मारा. मी गेलो तेव्हा बोर्ड रिकामा होता, पण टेबलावर एक वही होती. पुरवठादाराने तारीख किती वेळा पुढे ढकलली, त्याच्या रेघा तिच्यात होत्या. त्यांनी ते कधी मागितलं नव्हतं. ती रेघांची नोंद, वहीच्या त्या पानाच्या फोटोसह, आमच्या पुढच्या रिलीजच्या यादीत पहिली गेली.